चंद्राच्या नावावर नसलेला प्रकाश

पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात, सामान्य नियमांच्या चौकटीत न बसणारे काही शब्द ज्या एका सूत्रात एकत्र गोळा केले आहेत, त्याच्या शिरोभागी ‘ज्योत्स्ना’ आणि तिच्या लगत ‘तमिस्रा’, अशी चांदण्या आणि अंधाऱ्या रात्रीची जोडी बसलेली आढळते. ‘ज्योतिस्’मधील इकाराचा लोप करून पुढे ‘न’ हा प्रत्यय लावावा, अशी ‘काशिका’ या अष्टाध्यायीवरील टीकेच्या कर्त्यांची व्यवस्था असून, तो प्रत्यय स्वामित्ववाचक असल्यामुळे ‘जिच्यापाशी ज्योती आहे ती’ एवढाच अर्थ निष्पन्न होतो. ती ज्योती मूळची कोणाची, याविषयी शब्द मौन धारण करतो. अमरकोशात तिच्या पंक्तीस बसलेल्या दोघींचे तसे नाही : चंद्रिका उघडउघड चंद्राची, आणि कौमुदी रात्री उमलणाऱ्या कुमुदाची.

हे मौन मला मोठे शहाणपणाचे वाटते. कारण चांदण्याच्या मालकीचा दाखला चंद्राच्या दप्तरी मुळी नाहीच. चंद्र हा केवळ वहिवाटदार, मूळ धनी सूर्य, हे निरुक्तकार यास्कांस ठाऊक होते, आणि वराहमिहिरांनी तर आरशावरून परावर्तित होऊन घरातील अंधार घालविणाऱ्या उन्हाचा दृष्टांतही दिला आहे. मात्र हा आरसा भलताच मळकट! अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम १२ टक्के तो परत करतो, आणि पौर्णिमेचा चंद्रही सूर्याच्या तेजाच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतकाच तेजस्वी भासतो. अष्टमीचा हिशेब तर याहून विलक्षण : बिंब अर्धे, पण प्रकाश पौर्णिमेच्या सुमारे दशांश, कारण पौर्णिमेस किरण आपल्या पाठीकडून जात असल्याने तेथील खडकांच्या आणि धूलिकणांच्या सावल्या त्यांच्याच आड दडतात, आणि एरवी त्या उघड्या पडतात. चांदण्याची निळसर छटाही चंद्राची नव्हे. तो प्रकाश वस्तुतः उन्हाहून किंचित तांबूसच असतो, परंतु मंद उजेडात आपली दृष्टी तांबड्यापेक्षा निळ्याहिरव्याकडे अधिक झुकते, हे बोहेमियाच्या पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले.

प्राकृतात ज्योत्स्नेची ‘जोण्हा’ झाली, हिंदीत ‘जुन्हाई’, बंगालीत ‘जोछना’. आपण मराठी माणसांनी मात्र ‘चांदणे’ म्हणून ते सरळ चंद्राच्या नावे चढविले, आणि असमियात तर ‘जोन’ म्हणजे साक्षात चंद्रच.