डोळा लाल झाला म्हणजे डोळे आलेच असं नाही

पावसाळ्यात डोळे येतात तेव्हा डोळे लाल होतात, चुरचुरतात, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात. ही साथ नुसतं बघून पसरत नाही. हात, टॉवेल, उशीचा अभ्रा यांतून पसरते. म्हणून साबणाने हात धुवायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा. बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत डोळे बरे होतात.

पण भात कापताना किंवा ऊस तोडताना डोळ्याला पातं लागलं, नंतर तोच डोळा लाल होऊन ठणकू लागला, उजेड सोसेना, अंधुक दिसू लागलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका आला, तर ते डोळे येणं नव्हे. बुबुळाला जखम झाली आहे, आणि तिच्यात बुरशी वाढू शकते.

अशा वेळी डोळा चोळायचा नाही. दूध, मध, तूप घालायचं नाही. घरात उरलेले थेंबही नकोत. त्यांत स्टिरॉइड असेल तर लाली कमी होते, आपल्याला बरं वाटतं, पण आत बुरशी वाढतच राहते. उशीर झाला तर फूल पडून नजर जाऊ शकते. म्हणून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

जवळचे डोळ्यांचे डॉक्टर कुठे बसतात, ते सुगीआधीच गटात विचारून ठेवूया.