उतारावरचं पाऊल

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. वरच्या धनगरवाड्यावर बचत गटाची बैठक आटोपून मी खाली उतरत होते. गगनबावड्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे. वाटेतले दगड शेवाळानं हिरवे झालेले आणि माझ्या पायात नेहमीची सपाट तळव्याची चप्पल. घसरले. पाऊल दोन दगडांत अडकून राहिलं आणि अंग मात्र गर्रकन वळलं. गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला. दोघींनी धरून मला रस्त्यापर्यंत आणलं.

कोल्हापूरला तपासणी झाली. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा आतला दोर, ज्याला डॉक्टर लिगामेंट म्हणतात, तो थोडा फाटला होता. ऑपरेशन टळलं, पण गुडघ्याला पट्टा आणि रोजचे व्यायाम मागे लागले. घरात सगळ्यांचं एकच, "आता डोंगर बंद." सासूबाई म्हणाल्या, "तू न्हाई गेलीस म्हणून गट बंद पडणार हाय व्हय?" गट बंद पडला नसता हे खरं. पण हप्ता भरायला वरच्या बायकांना खाली यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. आणि दत्तजयंतीला गगनगडाच्या पायऱ्या चढून जायचं, तेही त्या वर्षी राहिलंच.

त्याच दिवसांत जर्मनीतून मामेबहिणीचा फोन आला. ती म्युनिकजवळ राहते. थंडीत आल्प्सच्या उतारावर पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायचं, हा तिचा आवडता खेळ. त्याला स्कीइंग म्हणतात आणि त्या पट्ट्यांना स्की. "ताई, तू कुणाला सांगतेस! माझाही तोच लिगामेंट गेला होता, आणि पूर्ण," ती म्हणाली. तिचं ऑपरेशन झालं होतं. अशा ऑपरेशननंतर खेळात परतायला निदान नऊ महिने थांबावं, असं तिकडचे डॉक्टर सांगतात. ती थांबली आणि मग नव्या स्की घ्यायला गेली.

तिच्या जुन्या स्की लांब, ताठ, वेगासाठीच्या. या वेळी तिनं आखूड, लवचिक आणि सहज वळणाऱ्या घेतल्या. स्कीवर बूट पकडून ठेवणारी एक कळ असते. पडल्यावर ती सुटावी लागते. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कसब विचारून दुकानदार ती बसवून देतो. "वजन विचारल्यावर पाच किलो कमी सांगावंसं वाटलं गं," ती हसली. "पण वजन चोरलं तर कळ नको तिथं सुटणार, आणि कसब फुगवून सांगितलं तर हवी तेव्हा सुटणारच नाही." ही कळ नडगीचं हाड वाचवते, पण गुडघा दर वेळी वाचवेलच असं नाही. म्हणून आधी मांडीचे स्नायू बळकट करायचे आणि मग उतारावर जायचं. शेवटी ती म्हणाली, "ताई, आधी मी कशी होते ते विसरले. आज माझा पाय कसा आहे, ते बघून घेतल्या."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. आपल्याकडे बर्फ नाही, पण उतार आहेत आणि गुडघे तर आहेतच.

आधी व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाय सरळ ठेवून उचलायचा. फिजिओथेरपिस्टनं शिकवलं तसं, टीव्हीवर मालिका लागली की माझंही सुरू.

मग बूट घ्यायला गेले. संध्याकाळी गेले, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. टाच घट्ट धरणारा हवा. हातानं वाकवला तर बोटांपाशी वाकावा, मधेच दुमडू नये. तळ रबरी आणि खोल खाचांचा हवा. आपल्या कोल्हापुरी चपलेचा मला अभिमान आहे, पण तिचा चामडी तळ ओल्या दगडासाठी नाही.

किंमत दीड हजार ऐकून मी मागे फिरणार होते. तेवढ्यात आठवलं, मुलाला फुटबॉलचे बूट घेताना मी किंमतही विचारली नव्हती. मैत्रिणींनो, आपल्या पायावर खर्च करताना आपला हात का आखडतो?

तिसरी गोष्ट काठी. सपाटीवर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटापर्यंत येईल एवढी उंच हवी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. गुडघ्यावर खरा भार पडतो तो उतरताना. दोन्ही हातांत काठ्या असल्या तर उतारावर तो भार पाव हिश्शापर्यंत कमी होतो, असं ऑस्ट्रियातल्या संशोधकांना १९९९ मध्ये आढळलं होतं.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर पहिल्यांदा धनगरवाड्यावर गेले, तेव्हा गटातल्या एक म्हाताऱ्या मावशी माझे बूट न्याहाळत म्हणाल्या, "बूट झ्याक हाईत ताई, पर उतारावर सरळ नगा उतरू. पाऊल आडवं टाका, आमी भारा घेऊन उतरतो तसं." बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आम्हालाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात!"

पण मावशींच्या स्वतःच्या पायात झिजलेली प्लास्टिकची चप्पल होती, आणि गुडघे माझ्यापेक्षा जास्त दुखणारे. पुढच्या बैठकीत मी विषय काढला. पावसाळ्याआधी बुटांसाठी गटातून छोटं कर्ज द्यायचं ठरलं. पहिलं नाव मावशींचं लिहिलं.

गेल्या दत्तजयंतीला गगनगड चढले. पूर्वीच्या दुप्पट वेळ लागला, चार ठिकाणी बसले. वरून खाली कोकण दिसलं, करूळ घाटाची वळणं दिसली. उतरताना मात्र दृश्य बघितलं नाही. पायाखाली बघत, पाऊल आडवं टाकत, सावकाश घरी आले.