दहा आकडी माणूस

तुमच्या फोनमधली काँटॅक्ट लिस्ट उघडा आणि खाली सरकवत जा. 'गॅसवाला नवीन'. 'शीला काकू मनीषनगर'. 'आई जिओ' आणि 'आई बीएसएनएल'. 'राजू प्लंबर (महाग)'. या नोंदींचा अर्थ आपल्याशिवाय कुणाला लागणार? पण एखादं नवं ॲप ही यादी वाचायची परवानगी मागतं, आपण घाईत 'अलाऊ' दाबतो आणि काही सेकंदांत ॲप सांगतं: तुमच्या ओळखीचे इतके जण इथं आधीच आहेत. त्यात 'राजू प्लंबर (महाग)' त्याच्या खऱ्या नावानं, गॉगल लावलेल्या फोटोसकट हजर! ॲप वेगळ्या कंपनीचं, तिचे संगणक परदेशात. मग हा आपला राजू, हे तिला कळलं कसं?

नावावरून नक्कीच नाही. नागपुरातल्या कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये 'देशमुख साहेब!' अशी हाक मारून बघा, किती माना वळतात ते. शिवाय तुम्ही राजूला दिलेलं नाव खुद्द राजूलाही माहीत नाही. सगळा खेळ त्या नावाखालच्या दहा आकड्यांचा आहे.

हे आकडे माणसाला चिकटले कधी? पूर्वी नागपूरचा नंबर म्हणजे ०७१२ आणि पुढे घरातल्या टेलिफोनचे आकडे. तो नंबर माणसाचा नव्हता, घराचा होता. उचलणारा कुणीही असे, आणि 'जरा वरच्या जोशींना बोलावता का?' हेही चालून जाई. मोबाइल आला आणि नंबर खिशात गेला, पण कंपनी बदलली की तो हातचा जायचा. मग २० जानेवारी २०११ रोजी नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर सुरू झाली. जुलै २०१५ पासून तर दुसऱ्या राज्यात राहायला गेलं तरी जुना नंबर ठेवता येऊ लागला. नागपूरची पोरं बंगळूर-हैदराबादला गेली. पत्ता बदलला, बँक बदलली, लग्नानंतर काहींचं आडनाव बदललं, नंबर मात्र तोच. ग्राहकाच्या सोयीसाठी काढलेल्या एका नियमातून जन्मभर पुरणारी ओळख तयार झाली, आणि कुणी तसं ठरवलंही नव्हतं!

ज्यांनी अशी सगळीकडे चालणारी ओळख ठरवून घडवायचा प्रयत्न केला ते हरले. ऑर्कुट आठवतं? जानेवारी २००४ मध्ये सुरू झालं, सप्टेंबर २०१४ मध्ये बंद पडलं. मधल्या काळात आपण सगळे फेसबुकवर गेलो आणि तेच मित्र पुन्हा एकेक करून शोधत बसलो. लाइव्हजर्नल ही ब्लॉगची साइट काढणाऱ्या ब्रॅड फिट्झपॅट्रिकनं २००७ साली नेमकी हीच तक्रार मांडली होती. माणसांच्या ओळखींचं जाळं कुण्या एका कंपनीच्या मालकीचं का असावं? ते सगळ्यांसाठी खुलं असेल तर नव्या ठिकाणी मित्र आपोआप सोबत येतील. कल्पना देखणी होती. पण २००९ मध्ये व्हॉट्सॲप आलं आणि त्यानं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड ही भानगडच ठेवली नाही. तुमचा नंबर हेच खातं, तुमची काँटॅक्ट लिस्ट हेच मित्रमंडळ. विषय संपला.

आता जुळणी कशी होते ते बघू. तुमच्या यादीतले नंबर कंपनीला उघडे पाठवायचे म्हणजे राजूला न विचारता त्याचा नंबर वाटून टाकायचा. म्हणून 'हॅश' नावाची युक्ती निघाली. नंबर एका गणिती प्रक्रियेतून काढायचा, की बाहेर पडते ६४ चिन्हांची अगम्य माळ. नंबरातला एक आकडा बदला, अख्खी माळ बदलते. माळेवरून नंबर उलटा काढता येत नाही. दोन्हीकडच्या माळा सारख्या निघाल्या की नंबर एकच. झकास ना?

अजिबात नाही! भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो आणि पुढे नऊ आकडे असतात. म्हणजे सगळ्या मिळून शक्यता ४०० कोटी. आपल्याला हा आकडा अफाट वाटतो, पण गेम खेळायला घेतलेलं चांगलं ग्राफिक्स कार्ड एका सेकंदात शेकडो कोटी हॅश काढतं. मग उलटं जायचंच कशाला? सगळ्याच नंबरांच्या माळा करायच्या आणि हवी ती शोधायची. मिनिटभरही लागत नाही.

मग कुणीच कुणाला आपली यादी न दाखवता दोघांमधलं सामाईक तेवढंच कळेल, असं काही आहे का? ऐकायला थाप वाटते. कागद घ्या. समजा माझ्या यादीत २ आहे आणि माझा गुप्त आकडा ३. मी २ चा तिसरा घात करून तुम्हाला फक्त ८ देतो. तुमचा गुप्त आकडा ५. तुम्ही ८ चा पाचवा घात करता: ३२,७६८. आता उलट बाजूनं. तुमच्याही यादीत २ आहे. तुम्ही त्याचा पाचवा घात करून मला ३२ देता, मी ३२ चा तिसरा घात करतो: ३२,७६८! आपल्यापैकी कुणीच आपला २ दाखवला नाही, तरी दोघांकडे एकच आकडा आहे हे सिद्ध झालं. प्रत्यक्षात आकडे शेकडो अंकी असतात आणि दर वेळी एका प्रचंड मूळ संख्येनं भागून नुसती बाकी ठेवतात, म्हणून ८ बघून २ ओळखायची वाट बंद होते. कॅथरीन मेडोज यांनी या घाटाची पद्धत मांडली १९८६ मध्ये, भारतात पहिला मोबाइल वाजण्याच्या नऊ वर्षं आधी.

कोट्यवधी लोकांच्या याद्यांसाठी मात्र हे गणित जड पडतं. म्हणून सिग्नल या मेसेजिंग ॲपनं २०१७ मध्ये वेगळा मार्ग धरला: जुळणी प्रोसेसरच्या अशा बंद कप्प्यात करायची, जिथं सर्व्हर चालवणाऱ्यालाही डोकावता येत नाही.

तरीही, सरळ समोरून येऊन विचारणाऱ्याचं काय करणार? व्हिएन्नाच्या संशोधकांनी नंबर तयार केले आणि व्हॉट्सॲपला विचारत सुटले: हा आहे का? हा आहे का? ताशी १० कोटींहून जास्त नंबर! २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केला. जगभरात ३५० कोटी खाती सापडली, त्यांतली सुमारे ७५ कोटी भारतातली. (संदेश कुणाचेही वाचले गेले नाहीत, आणि कंपनीनं नंतर ही वाट आवळली.)

'पण मी माझा नंबर कुठं देतच नाही,' असं म्हणणारे एक सद्गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात. जून २०१३ मध्ये फेसबुकनं एक चूक कबूल केली. लोक स्वतःची माहिती डाउनलोड करत, तेव्हा तिच्यासोबत ओळखीच्यांचे काही फोन नंबर आणि ईमेलही येत होते. ज्यांचे तपशील असे बाहेर गेले, ते सुमारे ६० लाख लोक निघाले. हे तपशील आले होते दुसऱ्यांनी चढवलेल्या काँटॅक्ट लिस्टमधून. तुमचा नंबर तुमच्याकडे एकदाच असतो; मित्रांच्या, सहकाऱ्यांच्या, चुलतसासऱ्यांच्या फोनमध्ये तो शेकडो वेळा असतो. तुम्ही गप्प बसून काय उपयोग?

बरं, नंबर नाही, ईमेल नाही, नावही खोटं. आता तरी सुटलो? बाप्पा, इथं तर कमालच आहे. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले अरविंद नारायणन आणि त्यांचे सहकारी विताली श्मातिकोव्ह यांनी २००९ मध्ये ट्विटर आणि फ्लिकर ही दोन जाळी घेतली आणि नावं बाजूला काढली. उरलं काय? ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. एवढ्यावरून, दोन्हीकडे खातं असलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोक त्यांनी ओळखून काढले. चूक फक्त १२ टक्के.

हे कसं जमलं? विदर्भ एक्सप्रेसमध्ये समोरासमोर बसलेली दोन अनोळखी माणसं नागपूर सुटल्यावर काय करतात? 'कुठले आपण?' 'यवतमाळ. मूळचे आर्णीचे.' 'मग आर्णीचे ते हेडमास्तर...' 'माझ्या साडूचे मामा!' वर्धा येईस्तोवर नातं निघालेलं असतं. अल्गोरिदम हेच करतो. दोन्ही जाळ्यांतली मोजकी माणसं आधी पक्की जुळवून घेतो. मग शोधतो: इकडे या तिघांशी जोडलेला कोण, आणि तिकडे त्याच तिघांशी जोडलेला कोण? तो सापडला की त्याच्या आधारानं पुढचा, मग त्याच्या पुढचा.

समजा तुमची नोकरी बुटीबोरीच्या कारखान्यात, कॉलेज म्हणजे व्हीआरसीईची १९९८ ची बॅच (व्हीएनआयटी हे नाव २००२ मधलं), बालपण महालातल्या वाड्यात आणि सासर आर्वीचं. यातल्या एकेका घोळक्यात शंभर-दोनशे माणसं असतील. पण चारही घोळक्यांत असलेला माणूस? बहुधा एकच, तुम्ही. ओळख लपवायला नाव बदलून भागत नाही, माणसं बदलावी लागतात.

या दहा आकड्यांचं आणखी एक आश्चर्य आहे, आणि ते कामाचं आहे. रिचार्ज न करता सोडून दिलेला नंबर मरत नाही. बंद झाल्यावर ९० दिवस तो कुणाला देत नाहीत, नंतर नव्या ग्राहकाला देता येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. आपला डेटा वेळेत पुसणं ही जुन्या ग्राहकाची जबाबदारी आहे, असं सांगितलं. तेव्हा नंबर सोडायचा असेल तर आधी बँकेत आणि आधारला नवा नंबर लावा, व्हॉट्सॲपमध्ये 'चेंज नंबर' करा, बाकीच्या ॲपमधून जुना काढून टाका. सिम त्यानंतरच बंद होऊ द्या.