बोटे तुटली, सूर तुटला नाही

पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर ज्यांनी काम केले आहे, किंवा ज्यांच्या घरातील माणसाने केले आहे, त्यांना तुटलेले बोट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आम्ही कारकुनी पेशातले. वस्तीतील कामगारांचे अपघाताचे अर्ज भरून देताना अशी बोटे आम्ही पुष्कळ पाहिली. कायद्याने प्रत्येक बोटाचे, बोटाच्या पेराचेसुद्धा टक्के ठरवून दिले आहेत. त्या टक्क्यांवरून भरपाईची रक्कम निघते. परंतु त्या बोटांनी तो माणूस आणखी काय करीत होता, पेटी वाजवीत होता की ढोलकी, हे लिहायला अर्जात रकाना नसतो.

म्हणूनच इंग्लंडमधील टोनी आयोमी या गिटारवादकाची हकिगत आम्हांस वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. 'ब्लॅक सब्बाथ' या रॉक बँडचे ते मुख्य गिटारवादक. तरुण पोरे ज्याला 'हेवी मेटल' म्हणतात आणि घरातील वडीलधारी मंडळी ज्याला गोंगाट म्हणतात, त्या संगीताचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. या पायाखाली एका कारखान्यातील अपघात आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

शेवटचा दिवस

टोनीचा जन्म १९ फेब्रुवारी १९४८ रोजी बर्मिंगहॅम शहरात झाला. बर्मिंगहॅम म्हणजे लोखंडाचे, पत्र्याचे, मोटारींच्या सुट्या भागांचे शहर. त्यातील ॲस्टन हा कामगारवस्तीचा भाग. टोनी आईबापांचा एकुलता एक. घराण्याचे मूळ इटलीचे. त्याला खरे तर ड्रम वाजवायचे होते, पण तो दणदणाट घरात कोण सोसणार? म्हणून गिटार हाती आली. तो डावखुरा. इतर वादक उजव्या हाताने तारा छेडतात आणि डाव्या हाताच्या बोटांनी त्या दाबून सूर काढतात. टोनीचे उलटे. तारा दाबण्याचे काम त्याच्या उजव्या हाताकडे. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

शाळा सुटल्यावर तो पत्र्याच्या कारखान्यात लागला. दिवसा वेल्डिंग आणि संध्याकाळी गिटार, असा त्याचा क्रम होता. सतराव्या वर्षी परदेश दौऱ्यावर निघालेल्या एका बँडमध्ये त्याला जागा मिळाली आणि त्याने नोकरी सोडली. कारखान्यातील तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आल्यावर तो आईला म्हणाला की, आता परत जात नाही. आईने बजावले, हाती घेतलेला दिवस पुरा करून ये. कष्टकऱ्याच्या घरातली कोणती आई याहून वेगळे सांगेल? टोनी परत गेला.

त्या दिवशी प्रेस मशीन चालवणारी व्यक्ती कामावर आली नव्हती. ते मशीन टोनीने कधी चालवलेले नव्हते, तरी त्यालाच तेथे उभे केले गेले. प्रेस खाली आला आणि त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि करंगळीजवळच्या बोटाचे शेंडे गेले. ज्या हाताने तारा दाबायच्या, नेमका तोच हात. डॉक्टरांनी सांगितले, गिटार विसर.

साहेबाने आणलेली रेकॉर्ड

टोनी घरी खचून बसला होता. तेव्हा कारखान्यातले त्याचे साहेब भेटायला आले आणि येताना एक ग्रामोफोन रेकॉर्ड घेऊन आले. गिटार आता ऐकायचीही नाही, असा टोनीचा हट्ट. साहेबांनी आग्रहाने ती वाजवायला लावली. वादन संपल्यावर ते म्हणाले, हा माणूस दोनच बोटांनी वाजवतो आहे.

तो वादक होता जँगो राइनहार्ट. १९१० साली बेल्जियममध्ये जन्मलेला, रोमा या भटक्या समाजातला. रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून तिकडे गेले असे भाषेचे अभ्यासक सांगतात. युरोपातील गावोगावी या लोकांना चोर म्हणून हिणवले गेले आणि वेशीबाहेर ठेवले गेले. १९२८ साली जँगोच्या राहत्या गाडीला आग लागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने आपले वादन पुन्हा उभे केले आणि जाझ संगीतात मोठे नाव मिळवले. अशा रीतीने एका भटक्या माणसाची जिद्द रेकॉर्डवरून बर्मिंगहॅमच्या एका जायबंदी कामगार पोरापर्यंत पोहोचली.

कामगाराचे डोके, कामगाराचा हात

यानंतर टोनीने जे केले ते कोणत्याही फिटरला किंवा वेल्डरला चटकन उमगेल. भांडी घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली त्याने वितळवली, तिचा गोळा केला, त्याला बोट जाईल असे भोक पाडले आणि घासून घासून बोटाच्या टोप्या तयार केल्या. प्लॅस्टिक तारेवरून घसरते, म्हणून जुन्या जाकिटाचे चामडे कापून वर चिकटवले. तरी अडचण संपली नाही. टोपीतून तार बोटाला जाणवत नाही. ती किती दाबली हे कानाने ओळखावे लागते. गिटारच्या जाड तारा दाबताना दुखायचे, म्हणून त्याने बँजो या वाद्याच्या पातळ तारा बसवल्या. पुढे तारांचा ताण सैल करून तो गिटार खालच्या पट्टीत लावू लागला. १९७१ सालच्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बममध्ये ही खालची पट्टी ऐकू येते.

तार सैल झाली की आवाज खाली जातो, जड होतो. जी बोटे भरभर, गुंतागुंतीने फिरू शकत नव्हती त्यांनी मोजक्या तारांवर ठाम, भरीव सूर धरले. कारखान्यातील घणाच्या ठोक्यासारखा हा आवाज जगाला नवा होता. पुढे असंख्य धडधाकट वादकांनी तोच गिरवला.

बँडमधील चौघेही ॲस्टनचेच. गायक ऑझी ऑस्बर्न टोनीच्याच शाळेत एक वर्ग मागे होता आणि त्याने कत्तलखान्यातही काम केले होते. बेस गिटार वाजवणारा गीझर बटलर हिशेबनिशी शिकत होता. ड्रमवर बिल वॉर्ड. १९६८ च्या अखेरीस टोनी थोडे दिवस 'जेथ्रो टल' या नावाजलेल्या बँडमध्ये जाऊन आला. तेथे एक गोष्ट त्याने पाहिली, ती म्हणजे रोज सकाळी वेळेवर तालीम. परत आल्यावर तो आपल्या मित्रांना सकाळीच गाडीतून घरोघरी जाऊन उचलू लागला. कारखान्याचा भोंगा सुटला, पण शिस्त सुटली नाही.

पहिला अल्बम अवघ्या एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाजारात आला. त्याच वर्षीचा 'पॅरानॉइड' इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. बँडचे नाव एका भयपटावरून घेतलेले, म्हणून सैतानाचे भक्त असा शिक्का त्यांच्यावर बसला. प्रत्यक्षात त्यांच्या 'वॉर पिग्ज' या गाण्याचा विषय आहे गरिबांच्या पोरांना युद्धावर धाडून स्वतः सुरक्षित राहणारे सत्ताधारी.

सारे काही उजळच होते असे नाही. पैसा आला आणि त्याबरोबर दारू आली, अमली पदार्थ आले. आयोमींनी स्वतःही ते सेवन केल्याचे लपवलेले नाही. व्यवस्थापकांशी कोर्टकज्जे झाले. हिशेबनिशी शिकलेला माणूस बँडमध्ये असूनही हिशेब बिघडला, याचे आम्हा कॉमर्सवाल्यांना विशेष वाईट वाटते! व्यसनापायी १९७९ साली ऑझीला बँडबाहेर काढावे लागले. रॉनी जेम्स डिओ हा नवा गायक घेऊन आयोमींनी १९८० साली 'हेवन अँड हेल' काढला. पुढे माणसे आली आणि गेली. पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत टिकलेले एकटे आयोमीच.

२०१२ च्या सुरुवातीस त्यांना लिम्फोमा हा कर्करोग झाल्याचे जाहीर झाले. उपचार घेत घेत त्यांनी काम चालू ठेवले. २०१३ सालचा '१३' हा अल्बम इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. इंग्लंडमध्ये हा मान त्यांना तब्बल ४३ वर्षांनी पुन्हा मिळाला. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधील व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर मूळ चौघे शेवटचे एकत्र आले. आयोमी तेव्हा ७७ वर्षांचे होते. मिळणारे उत्पन्न मुलांचे इस्पितळ आणि रुग्णसेवा यांसाठी देण्याचे ठरले होते. त्यानंतर १७ दिवसांनी, २२ जुलैला, ऑझींचे निधन झाले.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बोटे तुटली म्हणून टोनी मोठा झाला, असे कोणी म्हणू नये. तो अपघात व्हायलाच नको होता. ज्या मशीनचे शिक्षण दिले नाही त्यावर पोराला उभे करणे हा गुन्हाच मानला पाहिजे, मग ते बर्मिंगहॅम असो की आपल्या शेजारचा कारखाना. बोटे गमावून नुसतेच घरी बसलेल्यांची नावे कुठेही छापून येत नाहीत. टोनीला टोनी केले ते पुन्हा पुन्हा करून पाहण्याच्या चिकाटीने, आणि बरोबर वेळेला रेकॉर्ड घेऊन घरी येणाऱ्या एका माणसाने.

असा माणूस होणे आपल्यालाही जमण्यासारखे आहे. पुढच्या वेळी कोणी अपघाताचा अर्ज घेऊन आला, तर टक्के लिहून झाल्यावर आम्ही त्याला आणखी एक प्रश्न विचारणार आहोत: बाबा रे, या हाताने तू आणखी काय करीत होतास?