पायाची शीर की हाताची धमनी?

फिलिप्सचा रेडिओ ज्यांच्या घरी वाजला, त्यांना हॉलंडमधील आइंडहोवन हे शहर अगदीच परके वाटू नये. 1891 साली ती कंपनी तिथेच सुरू झाली. आज त्या शहराविषयी लिहीत आहे ते मात्र तेथील कॅथरिना रुग्णालयामुळे.

घरात कुणाचे बायपास ठरले की सगळे नातेवाईक जमतात आणि पहिला प्रश्न निघतो, "शीर पायाची घेणार की हाताची?" प्रश्न योग्यच आहे. पायाची शीर काढायला सोपी आणि लांबही भरपूर. पण धमनीतला रक्ताचा जोर सोसणे हे तिचे काम नव्हे. दहा वर्षांत अशा कितीतरी शिरा बंद पडतात. छातीच्या आतली डावी धमनी मात्र वर्षानुवर्षे मोकळी राहते. तिच्यामुळे रुग्ण अधिक जगतात, हे अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी 1986 साली दाखवले. मग सगळ्या जोडण्या धमन्यांच्याच का करू नयेत?

वाचकहो, उसाच्या शेतातला पाट आठवा. जुना पाट बरा चालत असेल तर शेजारी खणलेल्या नव्या पाटात पाणी वळत नाही आणि तो गाळाने भरतो. हृदयातही तसेच होते. फोटोत अरुंद दिसणारी धमनी खरोखर रक्त अडवते की नाही, हे बारीक तार आत घालून, अडथळ्याच्या अलीकडचा व पलीकडचा दाब मोजून कळते. ही पद्धत रूढ करण्यात आइंडहोवनचे डॉ. निको पाइल्स यांचा मोठा वाटा आहे. कॅथरिना रुग्णालयाने 2007 साली 164 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खऱ्या अडथळ्यावर केलेल्या जोडण्यांपैकी वर्षभरात 8.9 टक्के बंद पडल्या. जिथे अडथळा नावापुरता होता, तिथे 21.4 टक्के!

मनगटाची धमनी तर याबाबतीत फारच हळवी. तिच्यातून रक्त कमी वाहिले की ती आकसते. म्हणून मूळ धमनी बरीच बंद झालेली असेल तरच शल्यविशारद ती वापरतात. तेव्हा 'हाताची की पायाची' याच्या आधी 'अडथळा किती खरा' हे विचारावे.

मधुमेह तर आपल्या बेटावर घरोघरी आहे. अशा रुग्णाच्या छातीतील दोन्ही धमन्या काढल्या तर छातीचे हाड व जखम भरून येण्यास त्रास होण्याचा धोका वाढतो. आणखी एक गोष्ट, आमच्या एका काकांच्या वेळी कुणाच्याच ध्यानी आली नाही ती. अँजिओग्राफी हल्ली मनगटातूनच करतात आणि तार घातलेली ती धमनी पुढे जोडणीला घेणे शहाणपणाचे नसते. काकांचा तपास डाव्या हातातून झाला होता, आणि शल्यविशारदांना हवी होती ती नेमकी तीच धमनी. शेवटी पायाची शीर घ्यावी लागली. बायपासची शक्यता दिसत असेल तर तपासाच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, कोणता हात राखायचा ते.