एक टोकन, एक मत

जुलै २०२४ च्या अखेरीस ‘कंपाउंड’ या क्रिप्टो कर्जव्यवहाराच्या प्रणालीत ठराव क्रमांक २८९ मंजूर झाला. बाजूने ६,८२,१९१ मते पडली, विरोधात ६,३३,६३६. या ठरावाने सामाईक तिजोरीतले ४,९९,००० कॉम्प टोकन, म्हणजे सुमारे २.४ कोटी डॉलर, ठराव मांडणाऱ्या ‘गोल्डन बॉइज’ गटाच्याच योजनेत जाणार होते. गटाचा म्होरक्या ‘हम्पी’ या टोपणनावाने वावरणारा एक बडा टोकनधारक. प्रणाली कोणी फोडली नव्हती आणि मोजणीही अचूक होती. तरीही ‘हा हल्लाच आहे’ आणि ‘हीच तर लोकशाही आहे’ असे दोन तट पडले. या वादाचे मूळ अशा विकेंद्रित स्वायत्त संस्थांच्या, म्हणजे डाओंच्या, मतदानाच्या रचनेतच आहे.

डाओचा कारभार संचालक मंडळ चालवत नाही. व्याजदर, शुल्क, तिजोरीतला खर्च असे निर्णय टोकनधारक मतदानाने घेतात आणि मंजूर ठराव ब्लॉकचेनवरचा स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट आपोआप अमलात आणतो. कंपाउंडमध्ये ठराव मांडायला २५,००० टोकनांचे पाठबळ लागत असे आणि तो मंजूर व्हायला बाजूने किमान ४ लाख मते. मतदान तीन दिवस चाले. मंजुरीनंतर ठराव दोन दिवस रोखून धरला जाई. ज्याला स्वतः लक्ष घालायचे नाही तो आपली मते एखाद्या प्रतिनिधीकडे सोपवू शकतो. पायाभूत नियम एकच: जितके टोकन, तितकी मते.

हा नियम भागधारकांच्या कंपनीचा आहे. कंपनीत मात्र त्याच्या भोवती कायद्याचे कुंपण असते: मोठी खरेदी जाहीर करावी लागते, लहान भागधारकाला न्यायालयात दाद मागता येते, संचालकांवर विश्वस्तासारखी जबाबदारी असते. डाओने नियम घेतला, कुंपण घेतले नाही. त्यामुळे मत ही बाजारातली वस्तू झाली आणि ती मिळवण्याचे नाना मार्ग निघाले.

पहिला मार्ग खरेदीचा, आणि कंपाउंड हे त्याचे ठळक उदाहरण. कॉम्प टोकनांची एकूण संख्या १ कोटी. दोन्ही बाजूंची मते मिळून १३ लाखांच्या आसपास, म्हणजे सुमारे ८७ टक्के टोकन मतदानापासून दूरच राहिले. त्यामुळे सात टक्क्यांहून कमी टोकनांवर तिजोरीचे दार उघडले. याच गटाचा आधीचा प्रयत्न फसला होता आणि सुरक्षा सल्लागारांनी धोक्याचा इशाराही दिला होता. अखेर दोन दिवसांचा तो थांबा कामी आला. त्या अवधीत वाटाघाटी झाल्या आणि राखीव निधीतला हिस्सा टोकनधारकांना वाटण्याची योजना आणण्याच्या बोलीवर गटाने ठराव मागे घेतला. तिजोरी वाचली, पण ती नियमांनी नव्हे, तडजोडीने वाचली.

दुसरा मार्ग उसनवारीचा. १७ एप्रिल २०२२ रोजी ‘बीनस्टॉक’वर झालेल्या हल्ल्यात हल्लेखोराने सुमारे १ अब्ज डॉलरचे फ्लॅश लोन उचलले. हे कर्ज एकाच व्यवहारात घेऊन त्याच व्यवहारात फेडायचे असते, म्हणून त्याला तारण लागत नाही. या पैशातून त्याने दोनतृतीयांशाहून अधिक मते मिळवली, आदल्या दिवशी मांडून ठेवलेला ठराव तातडीच्या तरतुदीखाली मंजूर केला, तिजोरी रिकामी केली आणि कर्ज फेडले. हे सगळे काही सेकंदांत घडले. नुकसान सुमारे १८.२ कोटी डॉलरचे झाले. मतदानाच्या वेळी हाती असलेले टोकन मोजायचे, ही रचना त्याला कारणीभूत ठरली. मतदान सुरू होण्यापूर्वीच्या क्षणाची शिल्लक मोजली तर अशी क्षणिक उसनवारी निष्फळ ठरते. कंपाउंडसह अनेक प्रणालींत तसाच नियम आहे.

तिसरा मार्ग दुसऱ्याची ठेव वापरण्याचा. २०२० मध्ये ‘स्टीम’ या ब्लॉकचेनवर क्रिप्टो उद्योजक जस्टिन सन यांच्या बाजूने बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजांनी ग्राहकांच्या ठेवीतले टोकन मतदानाला लावले आणि निवडून आलेले साक्षीदार, म्हणजे ब्लॉकचेन चालवणारे प्रतिनिधी, हटवले. ओरड झाल्यावर बायनान्स आणि हुओबीने मते काढून घेतली. पण विश्वास उडाला होता. २० मार्च २०२० रोजी समुदायातल्या अनेकांनी ‘हाइव्ह’ ही वेगळी साखळी सुरू केली.

चौथा मार्ग फसवणुकीचा. मे २०२३ मध्ये ‘टॉर्नेडो कॅश’मध्ये आधीच्या ठरावासारखाच असल्याचे सांगून एक ठराव मांडला गेला. मतदारांनी तो मंजूर केला. त्यातल्या दडवलेल्या तरतुदीने हल्लेखोराला १२ लाख मते बहाल केली. खऱ्या मतदारांची मते मिळून सुमारे ७ लाखच होती. ठरावाचा कोड वाचू शकणारे मोजकेच असतात आणि बाकीचे त्यांच्या भरवशावर मत देतात, हे इथे उघड झाले.

पाचवा मार्ग भाड्याचा, आणि तो सर्वांत चिंताजनक. एप्रिल २०२५ मध्ये ‘आर्बिट्रम’ डाओच्या एका समितीच्या निवडणुकीत सुमारे १.९३ कोटी टोकनांची मते ५ ईथरला, म्हणजे तेव्हाच्या जवळपास १० हजार डॉलरना विकली गेली. त्या टोकनांची किंमत लक्षावधी डॉलर होती. मालकी एकाची, मत दुसऱ्याचे. चुकीच्या निर्णयाने टोकनचा भाव पडला तर भाडेकरूचे काहीच बिघडत नाही. ज्याचा पैसा गुंतला तो विचारपूर्वक मत देईल, या टोकन-मतदानाच्या मूळ समर्थनालाच भाडेकरार छेद देतो.

या सर्व मार्गांना मतदारांची अनुपस्थिती बळ देते. चेनॲलिसिस या संस्थेने २०२२ मध्ये दहा मोठ्या डाओंचा अभ्यास केला, तेव्हा एक टक्क्याहून कमी धारकांच्या हाती ९० टक्के मतशक्ती आढळली. शंभर टोकनवाल्याच्या मताने निकाल बदलत नाही आणि ठराव वाचायचा तर वेळ जातो. त्यात कायद्याची भीती आली. ‘ऊकी’ डाओविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेच्या वायदेबाजार नियामकाने मत देणाऱ्या टोकनधारकांनाच संस्थेचे सदस्य मानले. जून २०२३ मध्ये न्यायालयाने संस्थेला ६,४३,५४२ डॉलरचा दंड केला. वायोमिंग राज्याने २०२४ पासून अशा संस्थांना ना-नफा संघटनेचा दर्जा देऊन सदस्यांना संरक्षण दिले, ते याच गरजेतून.

उपाय सुचवले गेले, पण प्रत्येकाची मर्यादा दिसते. ‘कर्व्ह’मध्ये टोकन चार वर्षांपर्यंत अडकवून ठेवणाऱ्याला जास्त मते मिळतात. त्यामुळे उसनवारी थांबली, मात्र अडकवलेल्या मतांसाठी मोबदला देण्याचा बाजार उभा राहिला. वर्गमूळ पद्धतीत १०० टोकनांना १० मते मिळतात, म्हणजे धनाढ्याचे वजन घटते. पण तेच १०० टोकन १०० वॉलेटांत वाटले की मते पुन्हा १०० होतात. अडचण अशी की डाओला वॉलेट दिसते, माणूस दिसत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाचे भाग कितीही असले तरी मत एकच. सभासदांची नोंदवही असते, म्हणूनच हे शक्य होते. ‘ऑप्टिमिझम’ने २०२२ मध्ये टोकनधारकांच्या सभागृहाशेजारी ‘नागरिक सभागृह’ उभे केले, तो अशाच नोंदवहीकडे नेणारा प्रयत्न. त्यात निनावीपणाचा काही भाग सोडावा लागतो, आणि तो सोडणे योग्यच आहे.

इथेरियमचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये केवळ टोकनांवर आधारलेल्या मतदानापलीकडे जाण्याचा आग्रह धरताना मतदानाच्या अधिकारालाच मर्यादा घालण्याचा मार्ग मांडला होता. कंपाउंडनंतर त्याचे महत्त्व अधिक पटते. एका ठरावाने तिजोरीतून किती रक्कम निघू शकते याला कमाल मर्यादा हवी, मंजुरी आणि अंमलबजावणी यांत पुरेसा अवधी हवा, आणि त्या अवधीत नाराज धारकाला आपला वाटा घेऊन बाहेर पडता आले पाहिजे. मते विकली जाणे बंद करता येत नसेल, तर विकत घेतलेल्या मताने होणारे नुकसान मर्यादित ठेवणे हीच डाओच्या कारभाराची पहिली अट असायला हवी.