पासवर्ड बरोबर, तरी साइन-इन होईना

नव्या संगणकावर पहिल्यांदा साइन-इन करताना अडलं की संशय सर्वात आधी पासवर्डवर जातो. प्रत्यक्षात पासवर्ड तपासला जातो तो बराच उशिरा. त्याआधी संगणक इंटरनेटपर्यंत पोहोचावा लागतो, समोरचा सर्व्हर खरा असल्याची खात्री पटावी लागते आणि दाबलेल्या कळांमधून हवी तीच अक्षरं उमटावी लागतात. याच क्रमाने शोध घेतला, तर पासवर्ड बदलण्याची वेळ पुष्कळदा येतच नाही.

ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 च्या होम आवृत्तीने सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागायला सुरुवात केली. वसतिगृह, महाविद्यालय किंवा लॉजच्या वाय-फायला मात्र अनेकदा स्वतःचं वेगळं लॉगिन पान असतं. ते भरेपर्यंत पडद्यावर जोडणी दिसते, पण बाहेरची वाट बंदच राहते. अशा वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहावा. त्यावर काम झालं, तर खात्यात दोष नव्हता हे लगेच कळतं.

खरी गंमत घड्याळाची आहे, आणि तिकडेच कुणी पाहत नाही. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असतं. ते कधीपासून कधीपर्यंत वैध, हे त्यावर नोंदलेलं असतं. संगणक ही मुदत स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, बहुधा सीआर 2032, संपली की घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग आजचं प्रमाणपत्र त्या संगणकाच्या दृष्टीने अजून लागूच झालेलं नसतं आणि तो जोडणी नाकारतो. दुकानात बराच काळ पडून राहिलेल्या किंवा जुने भाग घालून जोडलेल्या यंत्रात ही शक्यता जास्त.

वेळेचा दुसरा घोळ टाइम झोनचा.  सर्व्हरला भारतीय वेळेशी कर्तव्य नसतं. तो जागतिक प्रमाणवेळ पाहतो, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या लॅपटॉपवर तिथल्या पश्चिम किनाऱ्याचा झोन तसाच ठेवून केवळ काटे भारतीय वेळेला लावले, तर पडद्यावर वेळ बरोबर दिसते. आतला हिशेब मात्र हिवाळ्यात साडेतेरा तास चुकतो. विद्यापीठ किंवा मोठ्या कार्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कवर तर घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तरी विंडोजची ओळखतपासणी सहसा अडते. मोबाइलवरचं ऑथेंटिकेटर ॲपही वेळेवरच चालतं: 1 जानेवारी 1970 पासून सरलेल्या सेकंदांवरून ते बहुधा दर 30 सेकंदांनी नवा सहा अंकी आकडा काढतं. म्हणून दोन्ही यंत्रांवर वेळ आणि झोन आपोआप ठरण्याची सोय चालू ठेवावी.

मग पाळी कळफलकाची. मराठी, कन्नड आणि तेलुगू शेजारी-शेजारी नांदणाऱ्या सोलापुरात एकाच संगणकावर तीन-चार कळफलक बसवलेले असू शकतात. भारतीय लिप्यांसाठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत इंग्रजी ‘के’ची कळ या तिन्ही भाषांत आपापल्या लिपीतला ‘क’च देते. ही मांडणी फार सुज्ञपणे आखलेली आहे, पण पासवर्डच्या रकान्यात सगळेच ठिपके दिसत असल्याने चुकीची लिपी निवडलेली असली तरी ध्यानात येत नाही. इंग्रजीतही ब्रिटनचा कळफलक निवडला गेला, तर ॲट चिन्ह दोनच्या कळेवरून हलतं. रकान्याशेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबून अक्षरं एकदा पाहून घ्यावीत.

पिन आणि पासवर्ड यांचीही गल्लत होते. विंडोजचा पिन त्या एकाच यंत्रापुरता असतो, सर्व्हरकडे जात नाही. जुन्या संगणकाचा पिन नव्यावर चालणार नाही. चुकीचे प्रयत्न सलग करत राहिलं, तर खातं काही काळ बंद होऊ शकतं. दोन-तीनदा अडलं की थांबणं शहाणपणाचं.

एवढं करूनही अडत असेल, तर प्रश्न पुष्कळदा तांत्रिक नसून मालकीचा असतो. उदाहरणार्थ, आईवडिलांचं खातं पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या मोबाइल क्रमांकावर उघडलेलं असतं. साइन-इनच्या पडताळणीचा संकेतांक पुण्यात जातो आणि मुलगा फोन उचलेपर्यंत त्याची मुदत संपते. जुना क्रमांक बंद पडला असेल, तर 90 दिवसांनंतर तो दुसऱ्या ग्राहकाच्या हाती जाऊ शकतो. घाईच्या वेळी दुकानदारानेच स्वतःच्या ईमेलवर साइन-इन करून दिलेलं असेल, तर धोका याहून मोठा. विंडोज 11 च्या अनेक संगणकांत पहिल्या साइन-इनबरोबर डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि ती उघडण्याची 48 अंकी किल्ली त्याच खात्यात जमा होते. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा यंत्राने ती किल्ली मागितली, तर मालकाकडे काहीच नसतं. घरचे फोटो, हिशेब, प्रबंध, सगळं अडकून पडतं. म्हणून नवा संगणक दुकानातून घरी नेण्याआधी तो स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या चालू क्रमांकावर सुरू करून घ्या, आणि ती किल्ली कागदावर छापून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा.